पहिल्या मोठ्या पावसाआधी बांध आणि खत सांभाळा

जूनमधला पहिला जोराचा पाऊस सगळ्यात जास्त माती नेतो. रान नांगरून, वखरून मोकळं असतं, वर पिकाची सावली नसते. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टीकडच्या उताराच्या मुरमाड रानातून पाणी वेगानं निघतं. माजलगाव, गेवराईची भारी काळी जमीन सुरुवातीला भेगांतून पाणी पिते; पण एकदा फुगून भेगा बुजल्या की जिरणं मंदावतं आणि वरचं पाणी ओढ्याला लागतं.

या पाण्यात नुसती माती नसते. स्फुरद मातीच्या बारीक कणांना चिकटून जातं, युरियाचं नत्र पाण्यात विरघळून जातं, तणनाशकही वाहतं. कारखान्याच्या सांडपाण्याचा पाइप तरी दाखवता येतो. शेतातलं हे प्रदूषण मात्र प्रत्येक बांधावरून थोडं थोडं येतं. बालाघाट डोंगरातून निघणाऱ्या सिंदफणा नदीचं पाणी माजलगाव धरणात साठतं आणि बीड शहर तेच पाणी पितं. गाळ आणि स्फुरद साठलेल्या पाण्यात शेवाळ माजतं.

एक करून पाहा. पहिल्या मोठ्या पावसात शेताच्या सांडीवरचं पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि निवळेपर्यंत न हलवता ठेवा. तळाशी वाळू, वर पोयटा आणि सगळ्यात वर चिकणमातीचा मऊ थर दिसेल. तोच थर सर्वात कसदार असतो. विकत आणलेलं खत त्याच्यासोबत जातं.

म्हणून पेरणी, कोळपणी उताराला आडवी करा. सोयाबीनला रुंद वरंबा सरी उत्तम. सरीत पाणी थांबून मुरतं आणि जास्त झालेलं हळू निघतं. डीएपी किंवा मिश्र खत पेरूनच द्या, वर फेकू नका. कपाशीला युरिया एकदम न देता हप्त्यानं द्या, वापसा आल्यावर, मातीआड करून. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर खत आणि फवारणी दोन्ही पुढे ढकला. चार दिवस उशीर परवडतो, वाहून गेलेली गोणी परवडत नाही.

ओढ्याकाठची पट्टी बांधापर्यंत नांगरू नका. तिथलं गवत राहू द्या, जमलं तर वाळा लावा. गाळ तिथेच अडतो. शेणखताचा ढीग ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर हवा. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नका, धुवणाचं पाणी फवारलेल्या रानातच टाका.

फुटलेला बांध आणि उघडी सांडी पावसाआधी दगड रचून बांधून घ्या. शेजाऱ्याचा बांध फुटला असेल तर त्यालाही सोबत घ्या, कारण वरच्या रानाचं पाणी खालच्या रानातूनच जातं.