कवळी होळीनंतर दे

शहादा

चि. छकुलीस,

धडगावला दवाखाना काढायचं तू नक्की केलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. ती काळजीत आहे, मी नाही. दात काढणं, भरणं, रूट कॅनल हे तुला चांगलं येतं. कृत्रिम दातांबद्दल मात्र थोडं लिहावंसं वाटलं. कॉलेजात तुम्ही हे काम शहरातल्या पेशंटवर शिकलात. तिथला माणूस फोन केला की रिक्षाने येतो. तुझ्या अक्राणी तालुक्यातला माणूस तसा यायचा नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

आधी तारखांचं बघ. दिवाळी झाली की तुझ्या तालुक्यातली घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि बरीचशी होळीला परततात. पूर्ण कवळीसाठी माप, चाव्याची नोंद, मेणातले दात तोंडात घालून बघणं आणि मग तयार कवळी अशा चार-पाच खेपा होतात. खरं काम त्यानंतरच सुरू होतं. दिवाळीच्या तोंडावर माप घेतलंस तर कवळी तयार होईपर्यंत माणूस उसाच्या फडात पोचलेला असेल. घाईघाईत हातात दिलीस तर ती तिथे टोचेल. मग तो ती काढून पिशवीत टाकेल आणि होळीला आला तरी घालणार नाही. शिबिरात वाटलेल्या कवळ्यांचं बहुतेक हेच होतं. देणारे फोटो काढून निघून जातात, आणि टोचलेली जागा घासून द्यायला मागे कुणी उरत नाही.

म्हणून उलटा हिशेब धर. हलणारे, किडून मोडलेले दात दसऱ्याच्या आसपास काढ. जखमा नीट भरेपर्यंत माणूस गावात असेल एवढी सवड ठेव आणि माप होळीनंतर घे. मधल्या महिन्यांत हाड बरंचसं बसतं, हिरडीला आकार येतो. हाडाची सर्वांत जास्त झीज दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच होते, त्यामुळे कच्च्या हिरडीवर बसवलेली कवळी लवकर सैल पडते. तोवर बोळक्याने खावं लागणार, हे आधीच सांगून टाक. समोरचे दात गेलेला एखादा थांबायला तयार नसेल, घरात लग्न असेल, तर तात्पुरती कवळी दे. ती तात्पुरती आहे हे मात्र घरच्यांच्या देखत सांग. होळीनंतर आमचुराचा हंगाम येतो, बाया कैऱ्या सोलण्यात गुंततात. त्यांना बाजाराच्या दिवशीच बोलव. काय व्हायचं ते पावसाआधी आटप. चांदसैली घाटात दरड आली की लॅबचं पार्सल तळोद्यात पडून राहतं.

दात काढण्याआधी सिकलसेलचं कार्ड माग. भिल्ल आणि पावरा घरांत हा आजार आहे, आणि हे तू पुस्तकात वाचलंयस त्याहून जास्त वेळा तुझ्या खुर्चीत येऊन बसेल. कार्ड नसेल तर तपासणीला पाठव. आजार असलेल्याला भरपूर पाणी पाजून, थंडी वाजू न देता, एका वेळी थोडेच दात काढ. फिजिशियनशी बोलल्याशिवाय हात घालू नकोस आणि जंतुसंसर्ग अंगावर काढू देऊ नकोस. दुखण्याचा झटका यायला तेवढं पुरतं.

आता दात कुठले बसवायचे. एकच दात गेला असेल आणि शेजारचे धड असतील, तर ब्रिजसाठी ते दोन्ही घासायला माझा हात कधी सहज धजावला नाही. शेजारचे आधीच किडलेले किंवा मोठे भरलेले असतील तर ब्रिज खुशाल कर. तीन-चार दात इथेतिथे गेलेले असले की काढता-घालता येणारी अर्धी कवळी. ॲक्रिलिकची स्वस्त पडते, पण जाड असते आणि शेजारच्या दातांच्या मुळाशी घाण साठवते. कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव सांगाड्याची पातळ असते, दातांवर टेकते म्हणून हिरडीवर भार कमी येतो आणि जास्त वर्षं टिकते. परवडत असेल तिथे हीच सुचव. हल्ली मऊ, लवचिक कवळीची फार चलती आहे. ती तारा न दिसता छान बसते, पण मोडली किंवा सैल झाली तर दुरुस्त करणं अवघड, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. आणि कुणाच्या तोंडात शेजारच्या दातांना ॲक्रिलिकने कायमचा चिकटवलेला दात दिसला, तर तो बाजारात बसणाऱ्या एखाद्या कारागिराचा समज. त्याखाली सगळं कुजलेलं असतं. रागावू नकोस, त्याला तेव्हा तेवढंच परवडलं होतं.

इम्प्लांटबद्दल तुला मी काय सांगणार. स्वीडनच्या ब्रानेमार्कने १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले, तेव्हापासून ते शास्त्र फार पुढे गेलं आहे. पण तंबाखू, बेताल साखर आणि वर्षानुवर्षं तपासणीला न येणं या तिघांशी त्याचं जमत नाही. एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. सगळे दात गेलेल्या माणसाला खालची कवळी दोन इम्प्लांटच्या बटणांवर बसवून दिली तर त्याचं खाणंच बदलतं. २००२ साली मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी रिकाम्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानला. ज्याची ऐपत आहे त्याला हे सांगायला लाजू नकोस. ऐपत नसेल आणि खालचे दोन सुळे मुळापाशी घट्ट असतील तर ते काढू नकोस. रूट कॅनल करून बुटके कर आणि त्यावर कवळी बसव. मुळं राहिली की भोवतालचं हाडही राहतं.

खालच्या कवळीनेच तुझी परीक्षा होणार आहे. वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थराने आणि हवेच्या ओढीने चिकटून राहते. खाली टाळू नाही, जागा अरुंद, आणि मध्ये जीभ सतत हलत असते. त्यात टॅलग्रेन नावाच्या संशोधकबाईंनी १९७२ साली पंचवीस वर्षांच्या नोंदी मांडून दाखवलं की खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजतं. पेशंटला यातलं काहीच ठाऊक नसतं. वरची घट्ट बसते आणि खालची हलते म्हणजे डॉक्टरला जमलं नाही, एवढंच तो समजतो. म्हणून माप घ्यायच्या आधीच सांग की खालची हलणार, ती जिभेने आणि गालांनी सांभाळायची असते. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवून ठेवायला शिकव. भीतीने जीभ मागे ओढली की कवळी उचलली जाते. हे आरशासमोर करून घे. छापील सूचनांचा कागद हातात देऊन काही होत नाही. पावरी किंवा भिली बोलणारी मदतनीस ठेव, आणि तिला हे सगळं तुझ्याआधी शिकव.

मेणाचे दात तोंडात असतानाच त्याला बोलतं कर. इंग्रजी आकडे म्हणायला लावण्याची आपली कॉलेजातली पद्धत इथे काय कामाची? शहादा, सारंगखेडा, सोमावल म्हणायला लाव. ‘स’ शिट्टीसारखा येतो की जाड, ते लगेच कळेल. वडफळी, विसरवाडी म्हणताना वरचे पुढचे दात खालच्या ओठाला कुठे लागतात ते बघ. कुणी पावरी वाजवणारा आला तर त्याला वाद्य घेऊनच बोलव. फुंकताना गाल आणि ओठ कवळीवर जोर देतात. तो जोर दातांची मांडणी पक्की होण्याआधी बघितलास तर निस्तरता येतो, नंतर नाही. दातांचा रंग निवडताना म्हाताऱ्याला पांढरेशुभ्र दात हवे असतात आणि त्याच्या सुनेला नको असतात. मी बहुधा सुनेच्या बाजूने राहिलो.

कवळी दिलीस की दुसऱ्या दिवशी बोलाव, मग आठवड्याने, मग महिन्याने. येताना सकाळपासून घालून यायला सांग, नाहीतर टोचणारी जागा लाल दिसत नाही आणि कुठे घासायचं ते कळत नाही. घरी दगडावर, सुरीने कुणी घासू नये हे बजाव. पहिले काही दिवस तोंडाला खूप पाणी सुटतं, उमासे येतात, स्वतःचं तोंड परकं वाटतं. हे सगळं ओसरतं. चावण्याचा सराव बसायला मात्र दीड-दोन महिने जातात, आणि बसला तरी कवळीचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकाच असतो. सुरुवात खिचडी, भगर, वरणात कुस्करलेली भाकरी इथून करावी. घास लहान, दोन्ही बाजूंना वाटून. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. मक्याचं कणीस नाही, आणि ऊस दातांनी सोलणं तर कायमचं बंद. ठेचा पहिले पंधरा दिवस टाळायला सांग. सोललेल्या हिरडीवर नंदुरबारची मिरची लागली की माणूस दोष मिरचीला देत नाही, कवळीला देतो.

रात्री कवळी काढून झाकणाच्या स्टीलच्या डबीत पाण्यात ठेवायची. फडक्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलेल्या कवळ्या कुत्री पळवतात, हसू नकोस. धुताना खाली पाण्याची बादली ठेवावी, हातातून निसटली तरी फुटत नाही. साबण आणि मऊ ब्रश पुरे. टूथपेस्टने चरे पडतात, उकळत्या पाण्याने ॲक्रिलिक वाकतं. मोडलीच तर झटपट चिकटणारं रसायन लावू नका, तुकडे घेऊन या, असं सांगून ठेव. सांधताना खरे तुकडेच कामाला येतात.

मिसरी आणि तंबाखू कवळी आली म्हणून सुटत नाहीत. उलट दात नाहीत म्हणजे आता भीती नाही, असं लोकांना वाटतं. प्रत्येक खेपेला कवळी काढून हिरडी, गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा बोटाने चाचप. कवळीच्या कडेशी झालेला व्रण ती कड घासल्यावर दोन आठवड्यांत भरला नाही, तर तुकडा तपासायला पाठव. चार दिवस अजून बघू, असं म्हणायचं नाही. सुपारी-गुटख्याने तोंड आखडलेले तरुणही येतील. माप घ्यायचा ट्रे आत जात नाही, तेव्हा दोन भागांत जोडायचा ट्रे वापर.

आणि कधीतरी कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत टाळूचा भाग गेलेला माणूस येईल. जेवण नाकातून येतं, बोललेलं कुणाला कळत नाही, म्हणून तो गावात कुणाशी बोलणंच सोडतो. त्याला ते भोक बुजवणारी पट्टी लागते, ऑब्ट्युरेटर. फ्रॉइडच्या टाळूची आणि जबड्याची अशी शस्त्रक्रिया १९२३ साली झाली. १९३९ मध्ये मरेपर्यंत तो त्या पट्टीशी झगडत होता, आणि त्याच्या दिमतीला व्हिएन्नाचे उत्तम सर्जन होते. तेव्हा तुझी पहिली पट्टी पाणी थेंबभरही गळू देणार नाही, अशी आशा धरू नकोस. पण हे काम मुंबईला पाठवून मोकळी होऊ नकोस. पट्टी तिथे झाली तरी महिन्या-महिन्याला ती थोडी घासणारं, थोडी वाढवणारं माणूस धडगावातच लागतं.

पैशांचं आधी बोल, हप्ते लागतील तर दे, फुकट मात्र देऊ नकोस. पन्नास रुपये का होईना, घे. दिलेल्या पैशासाठी माणूस टोचलं की भांडायला येतो, आणि तो यायलाच हवा आहे.

माझ्या खालच्या जबड्यातही आता ओतीव अर्धी कवळी आहे, धुळ्याच्या लॅबची. काम चांगलं आहे, त्यांचा नंबर आईकडे दिलाय. माझा जुना आर्टिक्युलेटर तिच्याबरोबर पाठवतोय. त्याचा मागचा स्क्रू ढिला आहे, तेवढा बदलून घे. रंगपट्टी नवीच विकत घे, माझ्या पट्टीचे रंग उडालेत.

तुझा,
मामा