पोटाच्या ऑपरेशननंतर जनावर रवंथ का करीत नाही?

गळीत हंगामात आम्ही गाडीतळावर गेलो की उसाखेरीज एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, डॉक्टरांनी पोटातली तार काढली, तरी बैल रवंथ करीना. आता काय?" घरची माणसे घाबरतात आणि बैलापुढे वाढ्याची पेंढी नि वर आंबोण टाकतात. नेमके तिथेच बिघडते.

आपली जनावरे चारा नीट न चावता आधी गिळतात. त्यातून गेलेली तार वा खिळा जाळीपोटात अडकतो. हृदय तिथून अगदी जवळ, म्हणून ऑपरेशन अनेकदा टाळता येत नाही. डॉक्टर बहुधा जनावर उभे ठेवूनच डावी भकाळी बधिर करतात, कोठीपोट उघडतात आणि आत हात घालून तार काढतात.

निरोगी कोठीपोट मिनिटाला एक-दोन वेळा आकुंचन पावते. पोट उघडून हात लागला की ही हालचाल मंदावते. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत हे पाहिले. पोट उघडून आतडी हाताळली की नसांवाटे 'थांबा' असा निरोप जातो. त्या नसा कापल्यावर आतडी पुन्हा हलू लागली. पुढे उंदरांवरील प्रयोगांत दुसरे कारण सापडले. हाताळलेल्या आतड्याच्या स्नायूंत काही तासांनी सूज येते आणि ती ओसरेपर्यंत आतडे सुस्त राहते. हाताळणी जास्त तर सुस्तीही जास्त. त्यात वेदनेची भर. गुंगीसाठी झायलाझीन दिले असेल तर तेही कोठीपोट मंद करते. घोड्याला तर याचा फारच धोका, कारण त्याला ओकता येत नाही. जठर तुंबून फुटूसुद्धा शकते.

तेव्हा पहिला दिवसभर जनावर सुस्त दिसले म्हणून ऑपरेशन फसले असे समजू नका. कोठीपोट थांबलेले असताना आंबोण, पेंड, भरडा घातला तर तो आतच आंबतो, आम्ल वाढते आणि पोट अधिकच बसते. डॉक्टरांनी खायला घाला म्हटले की थोडे मऊ गवत, मूठभर घास, स्वच्छ पाणी एवढ्यावर भागवा.

वाढ्यांबद्दल आम्ही मुद्दाम बोलतो, कारण हंगामात गोठ्यात दुसरे असतेच काय! वाढे जाडेभरडे, शिवाय त्यात ऑक्झॅलेट असते. ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते, आणि स्नायू हलायला तर कॅल्शियम लागतेच. नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या अंगात ते आधीच कमी असते. म्हणून दुखण्यातल्या जनावराला वाढे नकोत. एरवी घालताना चुन्याची निवळी शिंपडावी आणि जोडीला कडबा द्यावा.

तेल, काढा नळ्याने पाजू नका. ठसका लागून औषध फुफ्फुसात जाते. गरज पडली तर डॉक्टर निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस नळीने घालतात. त्यातले जिवंत जंतू पचन पुन्हा सुरू करायला मदत करतात.

टाक्यांपासून दूर, भकाळीवर तळहात हलकेच ठेवून दोन मिनिटे मोजा. हात दोन-तीनदा उचलला गेला तर कोठीपोट चालू आहे. हा अंदाज आधी निरोगी बैलावर घेऊन ठेवलेला बरा. ढेकर, रवंथ, शेण यांवरही नजर ठेवा. दोन दिवस उलटूनही रवंथ नाही, शेण बंद, ताप आहे, तर ती नुसती सुस्ती नव्हे, पोटात पू झाला असण्याचा संभव असतो. डॉक्टरांना बोलवा. भकाळी फुगली तर एक तासही थांबू नका.

जू कधी ठेवायचे? हंगाम बुडतो हे आम्हांला कळते. तरी टाके निघेपर्यंत तर नाहीच, आणि पुढेही डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच. पहिले काही दिवस गाडी रिकामी, वाट सपाट.