आपला माणूस, बार्सिलोना

बार्सिलोनात स्वस्तात राहायचं असेल तर ओळखीच्याच्या ओळखीकडे उतरू नका. पाटी असलेल्या लॉजमध्ये राहा, चार युरो जास्त गेले तरी चालतील. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या गृहस्थाबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही.

गृहस्थ आपल्याच पट्ट्यातले, कृष्णाकाठचे. गावाचं नाव घेत नाही, तिथे चांगली माणसंही राहतात. ओळख माझ्या जाऊबाईंच्या माहेरची, साताऱ्याची. फोनवर काय ते गोड बोलणं! “ताई, हॉस्टेलला कशाला पैसे घालता? आपलं घर आहे. दोघींचे मिळून ३० युरो द्या रात्रीचे.” जाऊबाईंचा आणि माझा व्हिसा हॉस्टेलच्या बुकिंगवर झाला होता, ही खोली मागाहून निघाली. भाड्याने द्यायला परवानगी आहे ना, असं मी लेखी विचारलं होतं. “शंभर टक्के, ताई.” तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. आम्ही बायका भोळ्या असं ज्यांचं मत आहे, त्यांनी सांगलीला येऊन बघावा.

वर यादी आली: भडंगाची पाकिटं, शेंगदाण्याची चटणी, घरचं साजूक तूप. तूप नेलं नाही. बाहेरच्या देशांतून आलेल्या प्रवाशांना दुधामांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, आणि तिथेच राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. जप्त झालं तर आमचं, पोचलं तर त्याचं!

पोचलो तेव्हा ३० युरो दोघींचे नव्हे, माणशी झाले होते. टुरिस्ट टॅक्स म्हणून आणखी रोख घेतली, पुढच्या रात्रींचा ॲडव्हान्सही घेतला. सकाळी दहा ते रात्री नऊ घरात थांबायचं नाही. जिन्यात कोणी विचारलं तर “याच्या मावश्या” म्हणून सांगायचं. शेजारच्या खोलीत दुमजली पलंगांवर पोरं झोपलेली. तीही भाचेच असावीत.

एका दुपारी जाऊबाईंचा गुडघा धरला म्हणून आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. चाकांची बाजारपिशवी पायरी-पायरीने ओढत एक आजीबाई वर आल्या. आमच्याकडे बघून तावातावाने काहीतरी बोलल्या. आम्हाला ओ की ठो कळेना. मग त्यांनी पिशवी भिंतीला टेकवली, चष्मा लावला, फोनवर एकेक अक्षर दाबलं आणि भाषांतर माझ्या नाकासमोर धरलं: या फ्लॅटला परवाना नाही. या महिन्यातल्या तुम्ही कितव्या?

मावश्या म्हणायचं धाडस झालं नाही. पण डोक्यात दुसरंच फिरायला लागलं. तिथला पर्यटक कर नोंदणी असलेले हॉटेलवाले, लॉजवाले गोळा करून सरकारात भरतात. इथे नोंदणीच नाही. मग आमच्याकडून मोजून घेतलेला कर कोणी, कुठे भरला?

रात्री पावती मागितली. “आपल्या माणसाकडे पावती मागता, ताई?” जिन्यातलं बोलणं कळल्यावर ताईही गेली. “शेजारणीशी बोललात कशाला? आत्ता निघा.” ॲडव्हान्स परत नाही. आम्ही बॅगा भरत होतो तेव्हा हे गृहस्थ ओट्याशी उभे राहून भडंगाचं दुसरं पाकीट फोडत होते.

आजीबाईंचा राग मात्र मला पटतो. पर्यटकांना फ्लॅट दिले जातात, तसतसं तिथल्यांचं घरभाडं चढतं. जुलै २०२४ मध्ये मोर्चेकऱ्यांनी रेस्टॉरंटांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. त्याच्या पंधरा दिवस आधी महापौर जाउमे कोलबोनी यांनी जाहीर केलं होतं की दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे.

तेव्हा फ्लॅट घेणार असाल तर एचयूटीबी या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक पैसे देण्याआधी मागा. “देतो देतो” म्हणाला की फोन ठेवा. लॉज शोधताना दाराशेजारी निळी पाटी बघा: पांढऱ्या अक्षरात एच म्हणजे हॉटेल, पी म्हणजे साधं लॉज. त्या रात्री आम्हाला अशाच एका पी-ने घेतलं, आणि करासकट पावती न मागता दिली.

विमानतळावरून ४६ नंबरची बस थेट प्लासा एस्पान्याला सोडते. दहा फेऱ्यांचं टी-कॅज्युअल तिकीट तिच्यात चालतं, विमानतळाच्या मेट्रोला चालत नाही. एका तिकिटावर दोघींनी जायचं नाही, प्रत्येकीने आपापलं घ्यायचं. रांब्लावर आणि मेट्रोत पर्स पोटाशी धरा, हे कोणीही सांगेल. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. सग्रादा फमिलियाचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. नाही मिळालं तर समोरच्या बागेतल्या तळ्याकाठून बघा, फुकट आहे. पिकासो संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतं, तिथेही जागा आधी धरावी लागते.

शाकाहारी असाल तर “बोकादियो वेजेताल” या नावावर जाऊ नका. सॅलडची पानं उचलली तर खाली टूना मासा निघाला, आणि जाऊबाईंचा गुरुवार होता. ऑलिव्ह तेल घालून टोमॅटो चोळलेला पाव कुठेही मिळतो, तो मागा. नाहीतर राव्हाल भागात चला, पाकिस्तानी आणि बांगलादेशी दुकानांत डाळ-तांदूळ मिळतो.

जाऊबाईंच्या माहेरी अजून म्हणतात, परमुलखात त्याने निदान आसरा तरी दिला. दिला की. माणशी ३० युरो, रोख.