चार ओळींचा मेळ

पुण्यात अनंतचतुर्दशीची मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने निघाली, की ढोल-ताशांबरोबर बँडचे सूरही कानी पडतात. प्रभात बँडसारखी पथके ओळखीची गीते वाद्यांवर वाजवितात. कंठातून निघालेले गीत वाद्यांत उतरवायचे, तर कोणत्या वाद्याने कोणता भाग घ्यावा, हे आधी ठरवावे लागते. या योजनेस वाद्यरचना म्हणतात.

युरोपातील जुने संगीत पितळी वाद्यांसाठी योजताना रचनाकाराची खरी कसोटी लागते. सन १५५१ मध्ये अँटवर्प शहरी टिलमन सुसाटो या वादकाने व मुद्रकाने नृत्याच्या चालींचे पुस्तक छापले. त्या चाली सर्व वाद्यांवर वाजविण्याजोग्या आहेत, असे त्याने मुखपृष्ठावरच नमूद केले. आपले संगीत मुख्यतः एका सुरावटीने चालते. या चालींत मात्र चार निरनिराळ्या ओळी एकाच वेळी वाजतात.

समजा, पथकात पाचच वादक आहेत. वरच्या दोन ओळी दोन ट्रंपेटांना द्याव्या, तिसरी हॉर्नला व चौथी, म्हणजे खर्जाची, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांना. हॉर्नवादक आला नाही, तर तिसरी ओळ ट्रॉम्बोनने घ्यावी आणि खर्ज एकट्या ट्यूबाने सांभाळावा. वाद्याचे नाव गौण. त्याचा आवाज किती उंच व किती खोल जातो, हे महत्त्वाचे. म्हणून दक्ष रचनाकार प्रत्येक ओळ दोन-तीन वाद्यांसाठी लिहून ठेवतो. नेहमीच्या ट्रंपेटचा सूर लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली निघतो. त्यामुळे त्याची ओळ तितकीच वर चढवून लिहावी लागते.

फुंकणाऱ्याचे ओठ लवकर थकतात, हेही विसरून चालत नाही. या नृत्यांतील चरण दोनदा वाजवितात. दुसऱ्या खेपेस ओळींची अदलाबदल केली, तर प्रत्येकास विसावा मिळतो.

एक मर्यादा मात्र पाळावी लागते. खर्जाची ओळ वरच्या सप्तकात नेली, तर ती मधल्या ओळींच्या वर जाते आणि मेळाचा पाया ढळतो. श्रोत्यांचे लक्ष वरच्या सुरावटीकडे असते. खर्ज वाजविणारा क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो. पण तो थांबताच सारे वादन पोकळ भासू लागते.

स्वाध्याय
१. हॉर्नवादक अनुपस्थित असल्यास कोणती योजना करावी?
२. ‘खर्ज वाजविणारा क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो’ हे विधान समाजातील एखाद्या कामास लावून पाच ओळी लिहा.