सात वर्षांची उमेदवारी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या फुटबॉल संघांतील एका मुलाचा गुडघा दुखावला. डॉक्टरांनीं वर्षभर मैदानावर उतरण्याची मनाई केली. त्याचे वडील आम्हांस भेटावयास आले आणि म्हणाले, "सर, आतां ह्याचा फुटबॉल संपला, असेंच समजावें ना?" त्या वेळीं आम्हांला नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून विचार करतां दोन माणसांचीं चरित्रें आठवलीं. तीं विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावीं, एवढ्यासाठींच हा लेख.

ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तेथील सर्वांत मोठ्या क्रीडांगणास एर्न्स्ट हापेल यांचें नांव दिलेलें आहे. हापेल (१९२५–१९९२) हे व्हिएन्नाच्याच रापीड संघाचे बचाव-खेळाडू. १९५४ च्या विश्वचषक स्पर्धेंत ऑस्ट्रियानें तिसरा क्रमांक मिळविला, त्या संघांत ते होते. खेळ थांबविल्यावर १९६२ सालीं हॉलंडांतील हेग शहराच्या एका बेताच्या संघाचें प्रशिक्षकपद त्यांनीं पत्करलें, व तेथें सात वर्षें काढलीं. १९६९ मध्यें ते रॉटरडॅमच्या फेयेनूर्द संघाकडे गेले आणि पुढच्याच मे महिन्यांत त्या संघानें युरोपचा चषक जिंकला. हॉलंडच्या कोणत्याही संघास तोंवर हा मान मिळाला नव्हता. जगानें तें एक वर्ष पाहिलें. मागचीं सात वर्षें कोणी फारशीं पाहिलीं नाहींत.

अशींच सात वर्षें आमच्या मुंबईंतही एका गृहस्थांनीं काढलीं आहेत. त्यांचें नांव श्री. खालिद जमील. त्यांचा जन्म १९७७ सालीं कुवेत येथें, भारतीय आईबापांच्या पोटीं झाला. खेळाडू म्हणून ते घडले ते मात्र मुंबईंत. मैदानाच्या मध्यभागीं खेळणारे हे गृहस्थ एअर इंडियाकडून खेळले, महिंद्र युनायटेडकडून खेळले, देशाच्या संघांतूनही खेळले. (ज्या कंपनीचा हा महिंद्र संघ होता, तिचा कांदिवलीचा कारखाना आपल्या मालाडच्या पुढच्याच स्टेशनाजवळ आहे. संघ मात्र २०१० सालीं बंद झाला.) परंतु दुखापतींनीं त्यांची पाठ सोडली नाहीं. २००९ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं खेळणें सोडलें, व ज्या मुंबई एफ.सी. संघांतून ते खेळत होते त्याचेच ते प्रशिक्षक झाले.

हा संघ २००७ सालीं स्थापन झालेला, म्हणजे नवा. पदरीं पैसा थोडा. कांहीं मोसम तर त्याला आपले घरचे सामने पुण्यास बालेवाडीला जाऊन खेळावे लागले! शिवाय लीगचा नियम कठोर. शाळेंत नापास झालेला मुलगा निदान त्याच वर्गांत बसतो. लीगमध्यें तळाशीं राहिलेल्या संघाला एक वर्ग खालीं उतरावें लागतें. दरवर्षीं वसंत ऋतूंत हीच टांगती तलवार. अशा संघाच्या प्रशिक्षकाला गोल करणारे नामांकित खेळाडू विकत आणतां येत नाहींत. त्यानें करावयाचें तें इतकेंच, कीं बचावाची फळी व मधली फळी यांतलें अंतर वाढूं द्यावयाचें नाहीं, चेंडू गेला कीं प्रत्येकानें आपल्या जागीं परतावें, आणि कॉर्नर वा फ्री किक मिळाली तर ती फुकट जाऊं देऊं नये. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक. तो एक गुणही अशा संघाला लाखमोलाचा. प्रेक्षकांस हा खेळ कंटाळवाणा वाटे, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही कधीं कधीं वाटे. परंतु सात वर्षांत मुंबई एफ.सी. एकदांही खालच्या वर्गांत गेला नाहीं.

२०१६ मध्यें श्री. जमील मिझोरामांतील ऐजॉल संघाकडे गेले. हा संघ आदल्याच मोसमांत वर्गाबाहेर पडला होता. गोव्याच्या संघांनीं लीगमधून अंग काढून घेतलें, म्हणून त्याला पुन्हां जागा मिळाली. मुंबईच्या जुन्या संघांतले जयेश राणे व आशुतोष मेहता हेही ऐजॉलच्या बाजूनें खेळले. पुढें जें घडलें तें कोणी भाकीत म्हणून सांगितलें असतें तर आम्हीं हंसून सोडून दिलें असतें. २२ एप्रिल २०१७ रोजीं ऐजॉलनें कलकत्त्याच्या मोहन बागानला एका गोलानें हरविलें. ३० एप्रिलला शिलाँग येथें लाजाँग संघानें आधीं गोल केला. उत्तरार्धांत ऐजॉलनें बरोबरी साधली, आणि तेवढ्या एका गुणावर अजिंक्यपद पटकाविलें! ऐजॉलचे गुण ३७, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतांतील कोणत्याही संघानें त्यापूर्वीं देशाची ही लीग जिंकलेली नव्हती. लाखमोलाचा तो एक गुण म्हणजे काय, हें त्या संध्याकाळीं सर्वांस कळलें.

आणि त्याच मोसमांत मुंबई एफ.सी. तळाशीं जाऊन खालच्या वर्गांत उतरला. हा योगायोग असेलही. पण सात वर्षें जें घडलें नाहीं त्याची किंमत आम्हांस तरी तेव्हांच समजली.

यानंतरचा मार्ग सरळ नव्हता. कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल व मोहन बागान या दोन्ही मोठ्या संघांत ते फार काळ टिकले नाहींत. २०२१ च्या जानेवारींत नॉर्थईस्ट युनायटेडचा संघ मोसमाच्या मध्यावर त्यांच्या हातीं आला. उरलेल्या साखळी सामन्यांत तो एकदांही हरला नाहीं व उपांत्य फेरीपर्यंत गेला. पुढें जमशेदपूर, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें देशाच्या संघाचें प्रशिक्षकपद. गोव्याचे सावियो मदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनीं या पदावर भारतीय माणूस आला.

पहिल्याच सामन्यांत भारतानें ताजिकिस्तानला त्यांच्याच देशांत २–१ असें हरविलें, व त्या स्पर्धेंत ओमानवर पेनल्टी किकांच्या निर्णयानें मात करून तिसरा क्रमांक मिळविला. मात्र ऑक्टोबरांत मडगांव येथें सिंगापूरनें आपल्याला २–१ असें हरविलें आणि आशिया चषकाचें दार बंद झालें. नोव्हेंबरांत ढाक्याला बांगला देशाकडूनही हार पत्करावी लागली. हे पराभव येथें मुद्दाम लिहिले आहेत. मुलांना केवळ विजय सांगितले म्हणजे हा धंदा कसा आहे तें कळत नाहीं.

त्या मुलाच्या वडिलांना आम्हीं हें सारें सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें. पटलें किंवा नाहीं, तें बोलले नाहींत. मुलगा मात्र शनिवारीं सकाळीं मैदानाच्या रेषेबाहेर बाकावर पाय लांब करून बसतो आणि पांचवीच्या मुलांना आपापल्या जागीं परतावयास ओरडून सांगतो. गुडघा अजून दुखतो.