घरांतील घाण, राख व सांडपाणी यांचा विनियोग

कोंकणांत पाऊस पुष्कळ आणि पाणी थोडें, हा विरोध नवा नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळें हें पाणी लवकर खालीं उतरतें आणि उताराच्या अंगानें व्हाळा-पऱ्यांस जाऊन मिळतें. मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसूं लागतो. हें सर्व शेतकरी जाणतात. परंतु ज्या छिद्रांतून पाणी उतरतें त्याच छिद्रांतून न्हाणींतील व शौचकूपांतील घाणही उतरते, इकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यांत विहिरीची नोंद सांपडते. तिच्या पाण्यांत काय झिरपतें हें लिहिण्यास त्यांत रकाना नाहीं. ती नोंद घरच्या मंडळींनींच ठेविली पाहिजे.

या विषयांत आपल्याच भागांतील एका पुरुषानें आपला जन्म वेंचला. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) हे १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां त्यांनीं सफाईचें काम आपणांस मिळावें अशी मागणी केली आणि तीसाठीं अन्नत्यागाचा मार्ग धरिला. तेव्हां येरवड्यास बंदींत असलेल्या गांधीजींनींही त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्यांच्या बाजूनें उपवास केला. पुढें १९४८ सालीं कणकवलीस अप्पासाहेबांनीं गोपुरी आश्रम स्थापिला. (कणकवली त्या वेळीं रत्नागिरी जिल्ह्यांत होती, १९८१ पासून ती सिंधुदुर्गांत आहे.) तेथें मलमूत्राचें खत करण्याचे व शेणापासून जळाऊ वायु काढण्याचे प्रयोग त्यांनीं चालविले. ही हकीकत बहुतेकांस केवळ अस्पृश्यतानिवारणाची वाटते. आम्हांस ती तितकीच शेतीचीही वाटते. कारण भात, नाचणी, भाजी यांच्या रूपानें जमिनींतून जें निघतें तें परत जमिनीस गेलें नाहीं तर पुढील पिकानें काय खावें?

आज गांवोगांव शौचकूप झाले आहेत, ही मोठीच सुधारणा. परंतु पुष्कळ घरीं सिमेंटची बंद टाकी बांधून तिचें पाणी नळीवाटे व्हाळांत सोडतात. खालच्या वाडीची विहीर त्याच व्हाळाच्या कांठीं असते, हें बांधणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं, किंवा येऊनही तो गप्प बसतो. त्यापेक्षां दोन शोषखड्ड्यांचा शौचकूप स्वस्त व बरा. एक खड्डा भरला कीं तो मिटवून वाट दुसऱ्याकडे वळवावी. मिटविलेला खड्डा दीड-दोन वर्षें मुळींच उघडूं नये. तेवढ्या काळांत आंतील मळाचें काळसर, दुर्गंधरहित खत होतें व रोगजंतूही मरतात. कित्येक वृद्धांस या खताचा विटाळ वाटतो. त्यांच्याशीं वाद न घालतां तें भाजीस न घालतां माडास घालावें, म्हणजे घरांत कलह होत नाहीं.

जागा निवडतांना मात्र घाई करूं नये. खड्डा विहिरीपासून निदान चाळीस फूट दूर असावा. जांभ्यांत चिरा असतात, म्हणून साधेल तितकें अंतर अधिक ठेवावें. तो विहिरीच्या वरच्या अंगास कधींही घेऊं नये. पावसाळ्यांत जेथें दोन हात खोदतांच पाणी लागतें, तेथें खड्डा उथळ घेऊन जोतें उंचवावें.

आतां राखेविषयीं. लांकडाच्या राखेंत पोटॅश व चुना असतो, आणि आपली जांभ्याची जमीन आंबट असल्यामुळें तिला दोन्ही मानवतात. पण पोटॅश पाण्यांत विरघळतो. उघड्यावर पडलेली राख पहिल्या पावसांतच निःसत्त्व होते. ती पडवींत कोरडी ठेवावी. ताज्या शेणांत राख मिसळण्याची चाल पुष्कळ घरीं आहे, ती वाईट. राखेच्या क्षारानें शेणांतील नत्राचा वायु होऊन उडून जातो. उकिरडा निराळा व राख निराळी, असा नेम असावा.

याहून गंभीर गोष्ट न्हाणीच्या चुलीची आहे. आंघोळीचें पाणी तापवितांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, दुधाच्या थैल्या, फाटक्या चपला त्याच चुलींत घालण्याची संवय लागली आहे. चूल लवकर पेटते, आणि कचराही दिसेनासा होतो. परंतु त्या धुरांत, विशेषतः पीव्हीसीच्या नळ्या वगैरे जळतांना, अतिशय विषारी द्रव्यें तयार होतात. तो धूर प्रथम चुलीपुढें बसलेल्या बायकांमुलांच्या छातींत जातो, आणि उरलेली राख भाजीच्या वाफ्यांत. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं पिशव्या व थर्माकोलवर बंदी घातली, तरी बाजारांतून त्या घरीं येतातच. आलेलें प्लॅस्टिक धुवून पोत्यांत सांठवावें व गोळा करणाऱ्यास द्यावें. कार्याप्रसंगीं केळीचीं पानें व पत्रावळी असतां थर्माकोलच्या ताटांचें कौतुक कशास?

सांडपाण्याची तोड आपल्या पूर्वजांनींच काढली होती: न्हाणीच्या पाटाशीं अळू व केळ. त्यांत हिशेबाची भर घालूं. पांच माणसांच्या घरीं आंघोळ-धुण्यास दोनशें लिटर पाणी सहज लागतें; उन्हाळ्यांत मोठ्या माडास रोज तीस-चाळीस लिटर पुरतें. म्हणजे पांचसहा माड विहिरीस हात न लावतां जगतात. पाणी एकाच आळ्यांत न सोडतां पाट पाळीनें वळवावा, नाहींतर साबणाच्या क्षारानें तेथील माती घट्ट होते. कपडे धुण्याच्या पुडीचें पहिलें फेंसाळ पाणी वेगळें शोषखड्ड्यांत जाऊं द्यावें. भांडीं राखेनें घांसलीं तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

उरला गोबरगॅस. एक घनमीटर वायूस रोज सुमारें पंचवीस किलो ताजें शेण लागतें, त्यांत तितकेंच पाणी. आपल्या लहान चणीच्या गुरांचें शेण दरडोई आठदहा किलोच मिळतें. म्हणून गोठ्यांत निदान तीन जनावरें नसतील तर या खटाटोपांत पडूं नये. असतील तर तीनचार माणसांचा स्वयंपाक निघतो, आणि बाहेर येणाऱ्या रबडींत नत्र बहुतेक तसेंच शिल्लक असतें. शेणी थापून जाळल्यास तें सर्व धुरांत जातें. जे शेतकरी शेण व कवळ दाढ भाजण्यांत घालवितात त्यांनीं चार गुंठ्यांपुरता गादीवाफा करून त्यावर कुजलेली रबडी घालून पाहावी, आणि तरवा भाजलेल्या दाढीवरच्या तरव्याशेजारीं लावून दोहोंचें भात वेगळें मापावें.