एक पेनड्राइव्ह, अनेक सिस्टीम

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला, आणि आपल्या मंडळाच्या खोलीतले दोन्ही कॉम्प्युटर एका दिवसात 'जुने' झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आपल्याकडे दोन्ही नाही. मशीन मात्र चांगलं चालतं. भंगारात कशाला द्यायचं? त्यावर लिनक्स टाकू, असं ठरलं. ते टाकायची सोपी रीत इथे सांगतो. साहित्याच्या अंकात हे कशाला, असं कुणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा, मग कळेल.

ऑपरेटिंग सिस्टीम आता सीडीवर मिळत नाही, आयएसओ फाईल म्हणून मिळते. आयएसओ म्हणजे अख्ख्या सीडीची जशीच्या तशी उतरवलेली प्रत. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर कॉम्प्युटर तिच्यावरून सुरू होत नाही. कारण मशीन चालू होताना ते ठराविक जागीच बघतं: जुनं बायोस डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट वाचतं, नवं यूईएफआय एका ठराविक फोल्डरमधली फाईल शोधतं. म्हणून रुफससारखं साधन आयएसओ उलगडून पेनड्राइव्हवर मांडतं. पण मग ती पेनड्राइव्ह त्या एकाच सिस्टीमची होऊन बसते. विंडोजची वेगळी, मिंटची वेगळी, दुरुस्तीची वेगळी. माझ्या खणात अशा पाच जमल्या होत्या, आणि कुठलीत काय ते चिकटपट्टीवर लिहिलेलं पुसून गेलेलं.

यावर व्हेंटॉय हा २०२० मध्ये आलेला, फुकट आणि मुक्त स्रोताचा उपाय आहे. तो पेनड्राइव्हचे दोन भाग पाडतो. मोठा भाग आपला, एक्सफॅट पद्धतीचा; छोटा ३२ एमबीचा भाग त्याचा स्वतःचा, ज्यात सुरू होण्याची यंत्रणा असते. मोठ्या भागात आपण आयएसओ फायली गाण्यांसारख्या कॉपी करायच्या, बस. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की पडद्यावर यादी येते, हवी ती निवडायची. आपल्या कुंडी भंडाऱ्यात उतरून आलेल्यांना हे लगेच समजेल. १६१५ च्या सुमारास खानखानान रहीमच्या काळात बांधलेल्या त्या रचनेत जमिनीखालून एकच बोगदा वाहतो आणि वर कुंड्या ओळीने. नवी कुंडी काढायची तर बोगदा परत खणावा लागत नाही.

एक्सफॅट का, तर जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही आणि विंडोजची आयएसओ त्याहून मोठी असते. ३२ जीबीची पेनड्राइव्ह आपल्या कामाला पुरते.

आता कृती. व्हेंटॉयची झिप फाईल त्याच्या अधिकृत जागेवरूनच घ्यायची. उघडून 'व्हेंटॉय टू डिस्क' चालवा. वर यादीत आपली पेनड्राइव्ह दिसेल. इथे थांबा. बाकी सगळ्या पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्डडिस्क आधी काढून ठेवा. मगच 'इन्स्टॉल' दाबा. तो दोनदा विचारतो, कारण त्यावरचं सगळं पुसलं जाणार असतं.

मी दोन्हीदा वाचलं नाही. माझ्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन लाल पेनड्राइव्ह लागलेल्या होत्या. एक रिकामी. दुसरीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या, रावेरला तिच्या ओट्यावर बसून मी मोबाइलमध्ये घेतलेल्या. आजी आता नाही. चुकीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय बसलं, वर मिंटची आयएसओही कॉपी केली, आणि मग लक्षात आलं. घरात कुणाला सांगितलं नाही, जेवणही गेलं नाही.

पण 'पुसलं' म्हणजे लगेच नाहीसं झालं असं नसतं. झटपट फॉरमॅटमध्ये फायलींची यादी जाते, मजकूर तिथेच पडून राहतो, वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून पहिला नियम: त्या पेनड्राइव्हला हात लावू नका. मी दुसऱ्या लाल पेनड्राइव्हवर व्हेंटॉय केलं (या वेळी एकच लावून), त्यात सिस्टमरेस्क्यू नावाची आयएसओ टाकली, त्यातून मशीन सुरू केलं. तिच्यात फोटोरेक असतं. नाव फोटोचं असलं तरी ते आवाजाच्या फायलीही शोधतं. सापडलेलं तिसऱ्या डिस्कवर ठेवायचं, त्याच पेनड्राइव्हवर कधीच नाही. रात्रभर चाललं. सकाळी ओव्या परत, पण नावं गेलेली, नुसते आकडे. एकेक ऐकून नावं दिली. तीन आल्या नाहीत. त्यांच्या जागेवर मिंट बसलं होतं.

असो, पुढे. मशीन चालू करतानाच डेल आणि लेनोव्होमध्ये एफ१२, एचपीत एफ९ दाबलं की कशावरून सुरू करायचं ते विचारतं. नव्या लॅपटॉपवर निळ्या पडद्यावर पडताळणी फसल्याचा संदेश आला तर घाबरू नका. तो सिक्युअर बूट. तिथे 'एनरोल की' निवडून व्हेंटॉयच्या छोट्या भागातली किल्ली दाखवायची. एका मशीनवर हे एकदाच करावं लागतं. आयएसओ उतरवल्यावर तिचा एसएचए२५६ आकडा देणाऱ्यांच्या पानावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाईल अर्ध्या वाटेत दगा देते, आणि तोवर जुनी सिस्टीम गेलेली असते.

मंडळाच्या मशीनसाठी मी मिंट, डेबियन आणि सीडॅकचं बॉस ठेवलं आहे. बॉस डेबियनवरच बेतलेलं, भारतीय भाषांसाठी केलेलं. तिन्हीत मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. पण त्याआधी एक काम राहिलंय, आणि ते संपादकांचं आहे. आपले जुने अंक युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या फॉन्टात टाइप केलेले आहेत. तो फॉन्ट नसला तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून कुठल्याही मशीनवर 'इन्स्टॉल' दाबण्याआधी, पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून (तेव्हा ते हार्डडिस्कला धक्का लावत नाही) अंकांचं फोल्डर आणि विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर, दोन्ही बाहेरच्या डिस्कवर काढा. त्या डिस्कवरून एखादा अंक दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडला, की मला हाक मारा.